न तुटणाऱ्या मुली

तांबडवाडीत दोन माणसं भेटली की "काय, कसं काय?" असं विचारत नसत. "तूट किती?" असं विचारत. उत्तर शून्याच्या जवळपास असलं की समोरचा हसून पुढे जाई.

मंगळावरच्या त्या वस्तीचं सरकारी नाव लांबलचक आणि आकड्यांनी भरलेलं होतं. पण पहिल्या तुकडीत कोकणातले दोन अभियंते होते. त्यांनी गुहेच्या तोंडाशी उभं राहून बाहेरची लाल माती पाहिली आणि वस्तीला तांबडवाडी म्हणून टाकलं. तेच नाव चिकटलं. वस्ती जमिनीच्या पोटात होती, लाखो वर्षांपूर्वी लाव्हारस वाहून गेल्यावर मागे उरलेल्या एका प्रचंड पोकळ नळीत. डोक्यावर खडकाचं छत हवंच होतं. पृथ्वीला हवेचं जाड पांघरूण आहे, चुंबकीय कवच आहे. मंगळाला दोन्ही नाही म्हटलं तरी चालेल. सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून सुटलेले वेगवान कण तिथे थेट अंगावर येतात आणि अंगात शिरतात.

शिरल्यावर ते काय करतात हे मोजण्याचं काम हेमांगी शिंत्रेचं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असे. पण हेमांगीचा बिल्ल्यावर भरवसा नव्हता. ती म्हणे, "बिल्ला सांगतो पाऊस किती पडला. घर किती गळलं ते रक्तालाच विचारावं लागतं."

माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. आपण कसं घडायचं याच्या सूचना या बारीक धाग्यांमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक धाग्याला एका ठिकाणी कंबरेसारखी चिमट दिसते. एक धागा, एक कंबर. वेगवान कण पेशीतून आरपार गेला की धागे तुटतात. पेशी बिचारी घाईघाईने तुकडे जोडायला जाते आणि कधी कधी एकाचं टोक दुसऱ्याला लावून बसते. मग दोन कंबरांचं एक विचित्र गुणसूत्र तयार होतं. हेमांगी त्याला 'दुकमरी' म्हणे. रक्तातल्या हजार पांढऱ्या पेशी तपासायच्या आणि त्यांत दुकमऱ्या किती ते मोजायचं. ती संख्या म्हणजे त्या माणसाची तूट. तूट वाढली की पुढेमागे कर्करोग ठरलेला. वस्तीच्या पहिल्या काही वर्षांत बरीच धडधाकट माणसं अशीच गेली होती.

मग अभंग आलं. पृथ्वीवर एक जिवाणू आहे. किरणांच्या माऱ्याने त्याच्या गुणसूत्राच्या चिंध्या झाल्या तरी काही तासांत तो त्या पुन्हा जशाच्या तशा सांधतो. त्याच्याकडून धडा घेऊन हेमांगीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रथिन तयार केलं. धागा तुटताक्षणी हे प्रथिन दोन्ही टोकं धरून ठेवी आणि ती भरकटायच्या आत पुन्हा जोडून टाकी. रोज एक गोळी. जी वस्तू भंगत नाही ती अभंग, म्हणून नाव अभंग. वस्तीतला प्रत्येक जण ती घेई. गरोदर बायका तर आधी घेत, कारण पोटातल्या बाळाच्या पेशी भराभर वाढतात आणि त्या तुटल्या तर सगळंच संपलं.

पर्णा मेश्राम हे वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल. तिची आई सुगंधा मूळची चंद्रपूरची, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या घरातली. मंगळावर ती बर्फाचं ड्रिल चालवी. जमिनीखालचा बर्फ खणून आणायचा, त्याचं पाणी वस्तीने प्यायचं. पर्णानंतर तब्बल सोळा वर्षांनी सुगंधाला पुन्हा दिवस गेले. तिचं बाहेर जाणं बंद झालं आणि तिच्या जागी तिचा नवरा दिवाकर ड्रिलवर जाऊ लागला. पर्णा अर्थातच त्याच्याबरोबर. त्या मुलीला बाहेर जायला कुठलंही निमित्त चाले.

एक दिवस दोघं परतीच्या वाटेवर असताना सूर्यावर मोठा भडका उडाला. इशारा मिळाला, पण गाडीचं चाक वाळूत रुतलं होतं. वस्तीतली माणसं दोरखंड घेऊन पोहोचेपर्यंत सौरवादळ त्या दोघांच्या अंगावरून पुरतं वाहून गेलं होतं. आत आणल्यावर हेमांगीने बिल्ले पाहिले. इतका मारा खाल्लेला माणूस तिने आजवर जिवंत पाहिला नव्हता.

दिवाकरला उलट्या सुरू झाल्या होत्या. पर्णा खाटेवर मांडी घालून बसली होती आणि तिला भूक लागली होती.

हेमांगीने दोघांचं रक्त घेतलं. पण गुणसूत्रं हवी तेव्हा डोकावून पाहता येत नाहीत. पेशी दुभागायच्या बेतात आली की तेवढ्यापुरती ती जाड होतात, दिसू लागतात. म्हणून रक्त ऊबेत ठेवायचं, पेशींना वाढायला लावायचं आणि दोन दिवस वाट पाहायची. ते दोन दिवस सुगंधा प्रयोगशाळेच्या दाराशी बसून होती.

"ताई, काय ते सरळ सांगा," ती म्हणाली. "आमच्या खाणीत दरड कोसळली की आधी नावं सांगत. रडायचं मागून."

"अगं, सांगण्यासारखं काही हाती आलं तर सांगेन ना. पेशींना घाई करता येत नाही."

"पोरगी जेवते आहे चांगली. बापाले पाणी पचत नाही अन् ही दुसऱ्यांदा भात मागते. हे चांगलं की वाईट?"

हेमांगी पुन्हा रक्ताच्या नळ्या पाहायला आत गेली.

आधी दिवाकरच्या रक्ताच्या काचा तयार झाल्या. त्या लावताच पहिल्याच पेशीत दुकमरी दिसली. पुढे आणखी, मग आणखी. अभंगमुळे तो वाचणार होता, पण काही महिने त्याला जपावं लागणार होतं. मग तिने पर्णाची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. शेहेचाळीस धागे, शेहेचाळीस कंबरा. दुसरी पेशी, तेच. यंत्राने हजार पेशी मोजून शून्य सांगितलं. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल असं वाटून हेमांगीने पर्णाचं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा दोन दिवस. या वेळी यंत्र बाजूला सारून ती स्वतः डोळा लावून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मोजत राहिली.

एकही धागा तुटलेला नव्हता. ज्या माऱ्याने बैल आडवा झाला असता, त्यातून ही मुलगी कोरी करकरीत बाहेर आली होती.

हेमांगी उठली आणि चक्क धावत सुटली. मंगळावर धावणं म्हणजे निम्मं उडणंच. बोगद्यातून उड्या मारत येणारी ती चष्मेवाली बाई पाहून लोक भिंतीला चिकटले. सुगंधाला तिने मिठीच मारली.

"शून्य! सुगंधा, शून्य! तुझी लेक तुटतच नाही!"

"अन् तिचा बाप?"

"तोही बरा होईल. अगं, पण पर्णाचं ऐक तरी! दिवाकरने अभंग सुरू केलं तिशीत. त्याच्या हाडांतल्या, रक्त बनवणाऱ्या पेशी तोवर जुन्या झालेल्या. पर्णाला ते तुझ्या नाळेतून मिळालं. तिची प्रत्येक पेशी त्यात भिजूनच जन्माला आली आहे. असा माणूस आजवर कधी झालाच नाही!"

वस्तीच्या सभेच्या जागेला सगळे चावडी म्हणत. त्या संध्याकाळी चावडीवर सणच झाला. हरितगृहातली पहिली केळी कापली. कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. पर्णाला मधोमध बसवून लोक "तूट किती?" असं ओरडत आणि ती दोन्ही हात उंचावून "शून्य!" असं उत्तर देई. पृथ्वीकडे बातमी गेली होती आणि तिथून अभिनंदनांचा नुसता पूर लोटला होता. हेमांगीला आपण दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच गडबडीत सुगंधाने तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

"ताई, एक विचारू? पर्णाले अजून पाळी आली नाही. डॉक्टर म्हणतात इथं गुरुत्व कमी आहे, पोरी उशिरा वयात येतात, थांबा. पण सोळा पूर्ण झाली आता. अंगही भरत नाही. एवढं मोठं वादळ पचवणारी पोर, तिच्यात असं कायले व्हावं?"

"पाहू या ना," हेमांगी आनंदाच्या भरात म्हणाली. "उद्या आण तिला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तेव्हा हेमांगी शेजारी उभी होती. जिथे बीजांडकोश दिसायला हवे होते तिथे दोन बारीक, निर्जीव पट्ट्या होत्या. अंडपेशी एकही नाही. डॉक्टरांनी वस्तीत पर्णानंतर जन्मलेल्या मुलीला बोलावलं. ती चौदा वर्षांची होती. तिच्याही तशाच पट्ट्या. तिच्याहून लहान असलेल्या मुलीच्याही.

हेमांगी आपल्या खोलीत येऊन बसली. किरणांनी हे झालं म्हणावं तर या मुलींत किरणांची खूणही नव्हती. एकही तूट नाही. तूट नाही... ती त्या शब्दापाशी अडखळली आणि ताडकन उठून उभी राहिली. कॉलेजात असताना शिकलेली एक साधी गोष्ट तिला आठवली. ती इतकी साधी होती की इतक्या वर्षांत कुणाला तिची आठवण होण्याचं कारणच पडलं नव्हतं. सगळे धागे एका क्षणात जुळले होते आणि त्या जुळण्यातला आनंद इतका जबरदस्त होता की क्षणभर तिला दुसरं काही सुचलंच नाही.

सुगंधा दारात उभी होती.

"बैस," हेमांगी म्हणाली. "सुगंधा, पत्ते खेळतेस ना? वाटण्याआधी काय करतेस?"

"पिसते. आणखी काय?"

"बरोबर. आता ऐक. तुझ्याकडे प्रत्येक गुणसूत्राची जोडी आहे. एक तुझ्या आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. तुझ्या मुलीला त्यातलं एकच द्यायचं. पण निसर्ग ते जसंच्या तसं देत नाही. अंडपेशी बनताना तो त्या जोडीला एकमेकांशेजारी उभं करतो आणि स्वतःच्या हाताने तोडतो. मुद्दाम! जागोजागी! मग इकडचा तुकडा तिकडे, तिकडचा इकडे. म्हणून तर लेकराचं नाक आजीचं आणि कपाळ आजोबांचं असतं. ही अदलाबदल हीच त्या जोडीला बांधणारी गाठसुद्धा असते. गाठ पडली तरच पुढे वाटणी नीट होते. नाही पडली, तर अंडपेशी मरून जाते."

"अन् अभंग?"

"अभंगला कळत नाही की ही तूट वैऱ्याने केली की घरच्याने. तुटलं की जोड, एवढंच आपण त्याला शिकवलं. निसर्ग तोडायला जातो आणि अभंग अदलाबदल होण्याआधीच सांधून टाकतं. पुन्हा पुन्हा. शेवटी सगळ्या अंडपेशी मरतात. किती सरळ आहे बघ! आपण तुटणं म्हणजे नुकसान असंच धरून चाललो होतो. पण प्रत्येक माणसाची सुरुवातच मुळी एका तुटण्याने—"

"ताई," सुगंधा हळूच म्हणाली, "तुम्हाले आनंद झाला आहे."

नाकारण्यात अर्थ नव्हता, हेमांगीचे डोळे लकाकत होते.

"मग आजपासून पर्णाची गोळी बंद करू," सुगंधा म्हणाली.

"उपयोग नाही. मुलीच्या सगळ्या अंडपेशी ती आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात. तिसऱ्या महिन्यानंतर हे तुटणं-जुळणं सुरू होतं, सातव्यापर्यंत बरंचसं उरकतं. पर्णाची वेळ केव्हाच होऊन गेली."

"पोरांचं काय? मुलग्यांचं?"

"त्यांचं वयात आल्यावर सुरू होतं आणि जन्मभर चालतं. काही महिने गोळी थांबवली की झालं."

सुगंधा हसली. ते हसू पाहवत नव्हतं. "म्हणजे मंगळावर आलो तरी भोग पोरींच्याच वाट्याले." मग तिचा हात पोटावर गेला. रक्ताच्या तपासणीत आधीच कळलं होतं, याही वेळी मुलगीच होती. तिसरा महिना सरत आला होता.

"हिची वेळ अजून व्हायची आहे ना?"

"हो."

"मी गोळी थांबवली तर?"

"तर हिच्या अंडपेशी नीट होतील, बहुतेक. पण चार महिने तू आणि ती दोघी उघड्यावर. छत आहे, तरी थोडेफार कण येतातच. तिची गुणसूत्रं तुटतील. त्यातली किती भलतीकडे जोडली जातील आणि कुठल्या तुटीतून पुढे काय उगवेल, हे मला सांगता येणार नाही."

"आणि नाही थांबवली तर पर्णासारखी."

"पर्णासारखी. धडधाकट, बहुधा नव्वदी गाठणारी. पण मूल नाही."

"तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न हेमांगीला अपेक्षित होता, पण सुगंधाने तो विचारला नाही. ती म्हणाली, "पहिल्यांदा पर्णाले सांगावं लागेल. तिचं आहे ते."

त्या दुपारी मेश्रामांच्या खोलीत चौघं बसली. दिवाकर उशीला टेकून होता, अजून अशक्त. हेमांगीने पत्त्यांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी आवाज आवरून. पर्णाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी तिने एक हात आईच्या मांडीवर ठेवला. मग विचारलं,

"मावशी, माझ्या बिल्ल्यावरचा आकडा किती होता?"

हेमांगीने सांगितला.

"आणि मला काहीच झालं नाही." पर्णा मनाशी कसला तरी हिशोब करत होती. "गुरूच्या चंद्रावर, त्या बर्फाच्या चंद्रावर, दिवसाला किती मारा असतो?"

हेमांगी चमकली. गुरूभोवती किरणांचे इतके भयंकर पट्टे आहेत की त्याच्या युरोपा नावाच्या चंद्रावर साधा माणूस काही दिवसांतच मरेल. त्या चंद्रावर बर्फाचं जाड कवच आहे आणि खाली समुद्र आहे. यंत्रं तिथे गेली होती. माणूस जाऊ शकेल असं कुणी स्वप्नातही आणलं नव्हतं.

"तू... तू टिकशील," हेमांगी म्हणाली. "बर्फाच्या आत घर केलं तर वर्षानुवर्षं टिकशील."

पर्णा उभी राहिली. खोलीचं छत बसकं होतं, नाहीतर तिने उडीच मारली असती. "आई! बर्फ खणायचा आणि खाली समुद्र! मला ड्रिल येतं! कुणालाच जाता येत नाही, मला जाता येईल!"

"अगं, तुले काय सांगितलं ते समजलं का?" सुगंधा ओरडली. "तुले मूल नाही होणार!"

"समजलं. वाईट वाटलं. उद्या आणखी वाटेल कदाचित." पर्णा आईसमोर गुडघ्यांवर बसली. "पण आई, बाळाची गोळी थांबवू नकोस. तीसुद्धा येईल माझ्याबरोबर. मी एकटी जाऊन काय करू?"

"काय बोलतेस? तुझ्यासारखं तिचंही—"

"माझ्यासारखं काय? मी बिघडलेली आहे का, आई?"

दिवाकरने लेकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या मुलीला खोलीतलं कुणीच 'हो' म्हणू शकत नव्हतं, आणि 'नाही' म्हणायचं तर सुगंधाने गोळी कशासाठी थांबवायची?

तरीही तिने ती थांबवली. "मी ठरवून तिचं दार बंद करणार नाही," एवढंच ती म्हणाली. "मोठी झाल्यावर तिले मूल नको असलं तर नको. पण ते तिने म्हणावं."

"युरोपाचं दार तू बंद करतेस त्याचं काय?" पर्णाने विचारलं. मायलेकी त्यानंतर कितीतरी दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोलत.

ते चार महिने सुगंधा वस्तीतल्या सर्वांत खोल कोठारात, पाण्याच्या टाक्यांच्या मधे राहिली, कारण पाणी कण अडवतं. हेमांगी तिला रोज भेटे. हळूहळू वस्तीतले सगळेच कुठल्या ना कुठल्या बाजूला झाले. कुणी सुगंधाला धीट म्हणे, कुणी निर्दय. बाहेर मात्र उत्साहाला उधाण आलं होतं. युरोपावर जायला तयार असल्याचा पर्णाचा संदेश मिळाल्यावर गुरूमोहिमेच्या लोकांनी पृथ्वीवरून उत्तर पाठवायला जराही वेळ लावला नाही. पर्णाची निवड झाली. तिच्यामागोमाग वस्तीतल्या इतर मुलींचीही नावं विचारात घेतली जात होती. यानाचा आराखडा नव्याने आखला जात होता, कारण आता जड कवचाची गरज उरली नव्हती. हेमांगीने तो संदेश चावडीवर मोठ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता तिचाच ऊर भरून आला. शेवटचं वाक्य मात्र तिने मनातच वाचलं. 'अशा आणखी किती मुली येत्या पंधरा वर्षांत उपलब्ध होऊ शकतील?'

सुगंधा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, रडकी आणि टपोऱ्या डोळ्यांची. डॉक्टरांनी बाळाचे बीजांडकोश पाहिले. ते अंडपेशींनी भरलेले होते. हेमांगीने नाळेतलं रक्त तपासलं. हजार पेशींत तीन दुकमऱ्या.

"तीन," तिने सुगंधाला सांगितलं. "लगेच घाबरू नकोस. आजपासून तिलाही गोळी सुरू करू. पण या तिन्हींवर मला जन्मभर नजर ठेवावी लागेल. आणि पर्णाइतकी ती कधीच टणक होणार नाही."

सुगंधाने बाळाचं कपाळ हुंगलं. "तीन तर तीन," ती म्हणाली. तिचा आनंद खरा होता आणि तिची भीतीही.

बारशाच्या दिवशी चावडी पुन्हा सजली. कानात नाव सांगायला आत्या हवी, पण आत्या चंद्रपूरला. म्हणून पर्णाने पाळण्यावर वाकून "कुर्रर्र" केलं आणि बहिणीचं नाव सांगितलं: पालवी. मग बराच वेळ ती तशीच वाकून त्या इवल्याशा चेहऱ्याकडे पाहत राहिली. सुगंधाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने तो झटकला नाही.

पेढे वाटून झाले तेव्हा नूतन गावित हेमांगीजवळ आली. नूतन पाणीशुद्धीच्या कामावर होती. गेल्याच वर्षी तिचं लग्न झालं होतं.

"ताई, मला दुसरा महिना सरतोय. मुलगी आहे," ती म्हणाली. "मी गोळी नाही थांबवणार."

"नीट विचार केलास?"

"माझा भाऊ पहिल्या तुकडीत होता. रक्ताच्या कर्करोगाने गेला, मी पाहिलाय तो. माझी मुलगी जगली पाहिजे. नातवंडांचं कुणी पाहिलंय?" मग जरा लाजत, पण अभिमानाने ती म्हणाली, "आणि पर्णाच्या मोहिमेत तिचं नाव आत्ताच घालता येईल का, तेवढं विचारा ना पृथ्वीवाल्यांना."

या बाईला चूक म्हणावं असं हेमांगीकडे काही नव्हतं. सुगंधालाही तिने चूक म्हटलं नव्हतं. तेवढ्यात पर्णाने ते ऐकलं. पाळणा सोडून ती दोन उड्यांत तिथे पोहोचली आणि तिने नूतनच्या पोटावर दोन्ही तळवे टेकवले.

"खरंच?" ती आनंदाने ओरडली. "नूतनमावशी, खरंच? ए, ऐकलंस का गं? लवकर मोठी हो. खूप काम आहे आपल्याला!"

मागे पाळण्यात पालवी रडायला लागली. सुगंधाने तिला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. चावडीवर कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. डब्यावर पुन्हा ठेका सुरू झाला. नूतन हसत होती, पर्णा तिच्याभोवती नाचत होती आणि टाळ्यांचा आवाज दगडी छतावर आपटून दुप्पट होत होता.

टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेही हात होते, हे हेमांगीच्या ध्यानात आलं ते टाळ्या थांबल्यावर.